उकळलेले जीवाणू

पालेगावला आमचा चार गुंठ्यांचा तुकडा आहे. तो खोलगट होता, म्हणून काही वर्षांपूर्वी मी फुकट मिळाला तो भराव टाकून घेतला. भराव कुठला, हे टेम्पोवाल्याला विचारलं नाही. संशय मला येतो, पण नेहमी चुकीच्या जागी. पुढे तिथली मेथी पिवळी पडायला लागली, तेव्हा भाचीने माती कॉलेजात तपासून घेतली.

"मामा, कुठल्या तरी कारखान्याचा गाळ आहे हा. शिसं, जस्त, क्रोमियम. इथली भाजी खायची नाही."

मग तिचा एम.एस्सी.चा प्रकल्प माझ्याच जमिनीवर ठरला. मोहरी मातीतले धातू ओढून घेते, आणि मुळांशी ठरावीक जीवाणू सोडले की जास्त ओढते, असं तिचं म्हणणं. लाल दोरीच्या वाफ्यांना जीवाणूंची बाटली, पांढऱ्या दोरीच्यांना नुसतं पाणी. ती उल्हासनगरला कॉलेजात, म्हणून दर आठवड्याला बाटली ओतायचं काम माझ्याकडे.

बाटली बघून मात्र मला लगेच संशय आला. गढूळ पाणी, वास शिळ्या इडलीच्या पिठासारखा, आणि आत जिवंत जंतू!

"कॉलेजवाले पोरीला बनवत असतील तर?" मी बायकोला म्हटलं.

"तुम्ही नुसतं ओता हो. भराव टाकताना कुठे गेली होती ही अक्कल?"

पण आमच्या घरात बाहेरचं पाणी उकळल्याशिवाय कोणी पीत नाही, मग मोहरीने का प्यावं? मी प्रत्येक बाटली जुन्या पातेल्यात खळखळ उकळली, गार केली आणि मगच झारीने लाल वाफ्यांना घातली. दहा मिनिटं, घड्याळ लावून.

दीड महिन्याने लाल आणि पांढऱ्या दोरीची मोहरी सारखीच खुरटी. भाचीने आधी बियाण्यावर संशय घेतला, मग कॉलेजच्या फ्रिजवर, शेवटी स्वतःवर. बांधावर बसून म्हणाली, "माझ्याच हातून काहीतरी बिघडलंय. सर म्हणतात, विषय बदल. म्हणजे वर्ष गेलं."

धीर द्यावा म्हणून म्हणालो, "तुझी काही चूक नाही गं. अन् मी तर किती जपून घालत होतो. दर वेळी उकळून."

"काय करून?"

"उकळून."

"मामा! अहो, जिवंत होते ते. सूप केलंत त्यांचं!"

ती हसत होती की रडत होती, कळेना. मग तिने वही काढली.

"खरं सांगा. एकदाही न उकळता घातलं नाही?"

"शप्पथ."

"मग लाल वाफे मेलेल्या जीवाणूंचे. तेही तपासायला लागतंच, फरक जिवंत जीवाणूंमुळेच पडतो हे दाखवायला. हंगाम आहे अजून, जिवंतांच्या वाफ्यांना निळी दोरी आणा."

निळ्या वाफ्यांची बाटली ती स्वतः ओतायची. मला पाच पावलांवर उभं करायची, आणि घरी बायकोने पातेलं लपवलेलं. आता संशयित मी होतो. ती मोहरी कमरेएवढी झाली आणि तपासणीत तिच्यात धातूही सगळ्यांत जास्त निघाला. सगळी रोपं उपटून, पिशव्यांत बंद करून भाचीने कॉलेजात जमा केली. माती एका पिकात साफ होत नाही, मेथीला अजून बरीच वर्षं आहेत. पण विषय बदलावा लागला नाही.

प्रबंध हातात आल्यावर मी आधी लाल वाफ्यांचं पान शोधलं. 'उष्णतेने मारलेले जीवाणू' एवढंच लिहिलंय. कोणी मारले, ते नाही. तरी खात्री म्हणून बाकीची पानंही चाळली.