वहिनीच्या मनगटावरचा वास

फोन आला तेव्हा माझ्या हातात कागदाची पट्टी होती. पुण्यातल्या एका मॉलमध्ये मी बायकांच्या सेंटच्या काउंटरवर उभी असते, गिऱ्हाइकाला पट्टीवर वास देते. भाऊ एवढंच म्हणाला, "रेखा गेली. कावीळ अंगावर काढली तिनं." समोरच्या बाईंनी विचारलं, हा दिवसा लावायचा की संध्याकाळी? संध्याकाळी, म्हटलं मी... आणि पट्टी त्यांच्या हातात दिली.

रेखा माझी वहिनी. तिला जाऊन आता सात आठवडे झाले. मी आठवीत असताना मायचे डोळे गेले, घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं, म्हणून माझी शाळा सुटली. पुढं वहिनी लग्न होऊन आली आणि तीच म्हणाली, "तू जाय बाई पुण्याले. मी हावो ना इथी." आज मी कमावते ती तिच्यामुळे, हे विसरणार नाही. पण खरं लिहायचं तर मला तिचा फार हेवा वाटायचा. नागभीडला घरी फोन केला की मायचं एकच, "थांब, रेखाले इचारतो." मी पाठवलेलं लुगडं नेसायचं की नाही, हेसुद्धा रेखालाच विचारून.

एका दिवाळीला मी काउंटरवरची भारी बाटली नेली. नेली वहिनीसाठी, पण मिरवायची होती मायपुढं. पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. आधी संत्र्याची साल सोलल्यासारखा झणका, मग मोगरा, शेवटी ताज्या कापलेल्या सागवानासारखा... मनगटावर लावायचा, घासायचा नाही, संध्याकाळी लग्नाकार्याला लावायचा. वहिनी हसली. "दिवसभर मासोळ्या इकतो मी. हे लावलं तं गल्लीतली मांजरं फसतीन."

वहिनीनं आणि मी, दोघींनी सेंट लावला. माझ्या हाताला तो आंबट, औषधासारखा आला, मी लगेच धुऊन टाकला. तासाभरानं वहिनी चहा द्यायला वाकली, आणि त्या मासोळ्या कापणाऱ्या हाताला असा गोड, ऊबदार वास! माझी बाटली, माझी माय, आणि दोन्ही तिलाच शोभतात. बाटली परत मागावी, असंही मनात येऊन गेलं.

तेरवीचे पाहुणे गेल्यावर ती बाटली फळीवर दिसली. तळाशी थोडा सेंट उरला होता. भाऊ म्हणाला, "लग्नात कधी लावलाच नाई तिनं. बजारातून आली, आंग धुतलं, का मनगटावर लावे आन् मायपाशी बसे. माय तिचा हात धरून वास घेत राहे." मला तिथंही जळायला झालं... गेलेल्या माणसावर.

मला निघायचं होतं त्या दुपारी मी तोच सेंट लावून मायजवळ बसले. मायनं मनगट नाकाशी धरलं.

"आंबट येऊन राह्यला."

"माह्या आंगावर असाच येते, माय. वहिनीसारखा नाई येत." मी हात ओढून घेऊ लागले.

तिनं सोडला नाही. "कुठी चालली? तिच्याही आंगावर लावल्या-लावल्या असाच ये. तू बसतच नाई कधी."

माझी गाडी सहाची होती. मी भावाला म्हटलं, उद्याच्या गाडीचं पाहू.