जुनं काढून राह्यली

त्याने माझं कार्ड वाचलं.

"हसनाबाद? कुणाच्या तुम्ही?"

मी वडलांचं नाव सांगितलं. आडनाव कार्डावर होतंच, त्यावरूनच त्याने गाव ओळखलं होतं.

"म्हंजी तू कौशीची पोरगी!" तो जोरात हसला. एका वाक्यात 'तुम्ही'चं 'तू' झालं. मग माझ्यासोबतच्या तिघांकडे वळून हिंदीत म्हणाला, "इसकी माँ हमारे खेत में कपास चुनती थी."

जालन्याच्या एमआयडीसीतला त्याचा कारखाना. काचेची केबिन. आम्ही चौघं बेंगळुरूहून तपासणीला आल्तो आणि चौघांची प्रमुख मी होते. माझी सही झाल्याशिवाय याच्याकडची एक वस्तूही आमच्या विमानात बसणार नव्हती. ते त्याला माहीत होतं.

"शिपाई आला न्हाई आज," तो मला म्हणाला. "बाजूला गॅस हाये. चहाचं बघ बरं जरा. तुला काय, घरचंच हाये."

मी उठले.

हे लिहिताना हात अडतो, पण लिहिते. एकोणीस वर्षं विमानं बनवणारी बाई उठली, तिने पाच कप चहा केला, ट्रेमध्ये आणला आणि आधी त्याच्यापुढे धरला. माझ्या हाताखालची इंजिनिअर केरळची. तिला मराठी कळत नव्हतं, पण झालं काय ते कळलं. तिने उठून ट्रे माझ्या हातातून घ्यायला बघितला. मी दिला नाही. माझ्या हाताला सवय होती.

सवय कुठली, तेही सांगते. माय त्यांच्या वावरात जायची, सुट्टीत मी सोबत. याला गावात धाकले मालक म्हणायचे. तहान लागली की आम्ही विहिरीपासून लांब उभं राहायचं. गडी वरून पाणी ओतायचा, ओंजळीत. सांडलं तर सांडलं. दुसऱ्यांदा मागायची सोय नव्हती. शाळेत मी पहिली आले तेव्हा हा मायला म्हणाला होता, "कौशे, पोरगी हुशार हाये म्हणं. मंग येचायला कोण येणार?"

माय हसली होती. त्या हसण्याचा राग माझ्या मनात अजून आहे.

पुढे शिष्यवृत्ती, सरकारी कॉलेज, बेंगळुरू. विमानाच्या पंखावर वाळूच्या पिशव्या रचत जायचं आणि तो कुठे मोडतो ते बघायचं, हे माझं पहिलं काम. नंतर सर्टिफिकेशनला आले. विमान उडवण्यालायक आहे हे सरकारी खात्याला पुराव्यानिशी पटवून द्यायचं. प्रत्येक तुकड्याचा कागद लागतो. पोलाद कुठलं, किती तापवलं, कोणी तपासलं. तिथेही लोक गोड आवाजात विचारायचे, "ॲडमिशन कशातून झाली होती?" मी उत्तर द्यायची नाही, काम करायची. मला वाटायचं, काम चोख ठेवलं की हे प्रश्न संपतात.

तर हा कारखाना आमच्या विमानाच्या चाकाच्या पायातली पिन बनवणार होता. मनगटाएवढी जाड. विमान उतरताना सगळा भार तिच्यावर येतो. भट्टीत ती बरोबर तापली नाही तर एक दिवस तुटते.

भट्टीचं तापमान कसं चढलं, कसं उतरलं, त्याचा ग्राफ मशीन काढतं. तीन वेळा भट्टीत घातलेल्या मालाचे तीन ग्राफ माझ्यापुढे होते. तीन तारखा. तिन्हींवर मध्येच एक खड्डा, लाईट गेल्याचा. जालन्यात लाईट जाते, त्याचं मला काय नवल. पण तिन्ही खड्डे सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी. मी तिन्ही कागद एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या काचेला धरले. एकच रेघ दिसली. एका दिवसाचा ग्राफ तारखा बदलून तीनदा छापला होता.

"लाईट तर जातेच की," तो म्हणाला.

"तीन दिवस? एकाच मिनिटाला?"

ग्राफ घेऊन आलेला त्याचा मॅनेजर खाली बघायला लागला.

"माल बिलकुल चांगला हाये. तू सही कर. गावाचं नाव व्हईल."

"बाकीचे दोन खरे ग्राफ दाखवा."

ते नव्हतेच. मी रिपोर्टमध्ये 'नामंजूर' लिहिलं आणि निघाले.

बेंगळुरूला आमचे साहेब. तेही मूळ जालन्याचे, शहरातल्या जुन्या शिकलेल्या घरातले. हा कारखाना त्यांनीच सुचवला होता. त्यांनी दार लावून घेतलं आणि फार मऊ आवाजात बोलले.

"तुमचं बरोबर आहे. त्यात शंकाच नाही. पण त्यांचा फोन आला होता. म्हणतात, बाई जुनं काढून राह्यली. उद्या लोक म्हणतील, बदला घेतला. रिपोर्ट तसाच ठेवू. फक्त सही दुसऱ्या कुणाची घेऊ. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

मी म्हणाले, "विचार करते."

खरंच केला. चहा करायला सांगणारा मला जागच्या जागी कळला होता. साहेब कळायला दोन दिवस लागले. माझं खरं होतं, पण ते माझ्या तोंडून नको होतं. तेच वाक्य दुसऱ्याच्या सहीने गेलं की ते इंजिनिअरिंग. माझ्या सहीने गेलं की ती जात.

मधेच मायचा फोन आला.

"धाकल्या मालकाचा माणूस आल्ता."

"काय म्हणला?"

"म्हणला, पोरीला सांग, गावातल्या माणसाच्या पोटावर पाय देऊ नको." मग म्हणाली, "करून टाक ना बाई सही. तू तिकडं राह्यती. मला हितं राहायचंय."

"माय, ती पिन तुटली तर माणसं मरतील."

"मला काय कळतंय त्यातलं. मला येवढं कळतंय, त्यांना न्हाई म्हणायचं मला कधी जमलं न्हाई."

फोन तिनेच ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले. म्हणाले, "सही माझीच राहील. काढायची असेल तर का काढली, तेही रिपोर्टमध्ये लिहा."

ते लिहिणं त्यांना शक्य नव्हतं. रिपोर्ट तसाच गेला.

सरकारी खात्याची बैठक झाली. अधिकाऱ्याने रिपोर्ट चाळला, चष्मा काढला. कुणीतरी आधीच कान भरले होते.

"त्या मालकाशी तुमचा काही व्यक्तिगत वाद आहे?"

साहेब टेबलाकडे बघत होते. 'नाही' म्हणणं सोपं होतं. तीच तयारी करून गेल्ते.

"आहे," मी म्हणाले. "त्यांच्या वावरात माझ्या आईला वरून पाणी पाजायचे. तपासणीच्या दिवशी त्यांनी मला चहा करायला लावला. आणि त्यांचे ग्राफ खोटे आहेत. पहिल्या दोन गोष्टींचा माझ्याकडे कागद नाही. तिसरीचा आहे. हा बघा."

त्याने तिन्ही कागद उजेडाला धरले. बराच वेळ धरले. मग ते रिपोर्टला टाचून घेतले.

माल परत गेला. विमानाचं सर्टिफिकेट लांबलं, त्याचं खापर ऑफिसात माझ्यावर फुटलं. साहेब आता माझ्याशी मराठीत बोलत नाहीत. गावात मायला कुणी वाईट बोलत नाही. कुणी बोलतच नाही. दळणाला गेली तर तिचा डबा सगळ्यांच्या मागून घेतात. इकडे ये म्हटलं तर येत नाही. ती माझ्यावर चिडलेली आहे आणि तिचा राग चुकीचा नाही.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या कारखान्याची तपासणी आहे. साहेबांनी इंग्रजीत विचारलं, तिथे तुमच्या ओळखीचं कुणी नाही ना.

"माहीत नाही," मी मराठीत म्हणाले. "असलं तरी मीच जाणार."

यापुढे मला कुणी विचारलं, तुझं जुनं दुखणं आहे का, तर हो म्हणेन. दुखणं आहे म्हणून माझं मोजमाप चुकत नाही. ज्याला चुकलं वाटतं, त्याने माझ्यासमोर बसावं आणि पुन्हा मोजावं.