जंजिऱ्याच्या वाटेवर मावशीचं घर

आमच्या भागात पर्यटन करता येत नाही, हे मी माझ्या इथिओपियन मैत्रिणीला आधीच सांगायला हवं होतं. मांडव्याला उतरल्यापासून थेट मुरूडपर्यंत समुद्र आहे, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, देवळं आहेत, किल्ले आहेत आणि दर दोन गावांआड माझा एक नातेवाईक आहे. किल्ला चुकवला तर तो काही बोलत नाही. नातेवाईक पुढच्या लग्नात चार लोकांसमोर बोलून दाखवतात.

ती मुंबईत माझ्या वर्गात होती. संख्याशास्त्र शिकायला शिष्यवृत्तीवर आलेली, हॉस्टेलवर माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. मेसची डाळ तिने एकदाही नावं न ठेवता खाल्ली, एवढ्यावरूनच माझी तिच्याशी मैत्री झाली. प्रबंध लांबत लांबत जानेवारीत संपला, मंगळवारचं विमान ठरलं आणि मधे एकच शनिवार-रविवार उरला. त्यात तिला एकच गोष्ट बघायची होती, मुरूडचा जंजिरा.

त्याला कारण तिचे वडील. ते त्यांच्या डोंगरातल्या गावी शाळेत इतिहास शिकवायचे. आपल्या मुलखातली माणसं समुद्रापार गेली, कितीतरी जण गुलाम म्हणून विकले गेले, आणि त्यांच्यातल्याच काहींनी तिकडे पाण्यातल्या एका किल्ल्यावर राज्य केलं, हे सांगताना ते फळ्यावर खडूने जंजिरा काढायचे. एक वाटोळं, त्याला बुरूज, भोवती लाटा. पोरं हमखास विचारायची, सर, तुम्ही बघितलाय का? सरांनी किल्ला तर सोडाच, समुद्रही बघितलेला नव्हता. त्यांच्या देशाला किनारा नाही. आता गुडघे गेले, लांबचा प्रवास व्हायचा नाही. लेक भारतात निघाली तेव्हा त्यांनी साडी मागितली नाही की मसाले मागितले नाहीत. आत जाऊन ये आणि मला दाखव, एवढंच म्हणाले.

दोन वर्षांत ते जमलं नव्हतं. सुट्टी असायची तेव्हा पावसाळा असायचा आणि होड्या बंद. होड्या सुरू झाल्या की परीक्षा. म्हणून या वेळी मी सगळी आखणी स्वतः केली. आईला कळवलं आणि वर बजावलं, की चौलच्या मावशीला सांगायचं नाही. आईने शब्द पाळला. तिने मामीला सांगितलं.

शनिवारी सकाळी आम्ही बोटीने मांडव्याला उतरलो, अलिबागला आलो आणि मुरूडच्या एसटीत खिडकीपाशी जागा मिळाली. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं, की मी तिला काशीदच्या पांढऱ्या वाळूबद्दल सांगायला लागले होते. चौल नाक्यावर गाडी थांबली ती हलेचना. कंडक्टर मागे वळून म्हणाला, "मुंबईच्या पोरी कोन हायत? उतरा. मावशी न्यायला आलीय."

खाली रस्त्यात मावशी उभी होती. गाडीच्या बरोबर पुढे.

मी खिडकीतून डोकं काढून म्हटलं, "मावशी, येताना नक्की येतो."

"येताना दमलेल्या असाल," मावशी म्हणाली. "नुसता च्या घ्या नि फुडच्या गाडीनं जावा. दारावरनं जायाचं आन आत न्हाय यायाचं, ही कुठली रीत?"

अख्खी गाडी आमच्याकडे बघत होती आणि अख्ख्या गाडीचं मत मावशीच्या बाजूने होतं. 'नुसता चहा' या शब्दांवर आमच्याकडे परका माणूसच विश्वास ठेवतो. मैत्रीण खूश होऊन उतरली.

चहाबरोबर पोहे आले. पोह्यांनंतर काकांनी वाडी दाखवायला नेलं. काकांची सुपारीची बाग आहे, आणि झाडागणिक त्यांच्याकडे एक हकीकत आहे. परत येतो तर पानं मांडलेली. तांदळाची भाकरी, कोलंबीचं कालवण, वालाचं बिरडं. मी पान बघत नव्हते, घड्याळ बघत होते. पुढची गाडी गेली, तिच्या पुढचीही गेली. मैत्रीण मात्र भाकरीचा तुकडा मोडून कालवणात बुडवत शांतपणे जेवत होती. त्यांच्याकडेही असंच हाताने जेवतात, फक्त सगळे एकाच ताटात. जेवण उरकल्यावर मी पिशव्या उचलल्या, तेवढ्यात मावशीने जाहीर केलं की संध्याकाळी वाडीत वालाच्या शेंगांची पोपटी लावणार आहे आणि कोंबडी कापून झालेली आहे.

मला राग लवकर येतो, तो आला.

"मावशी, तिला किल्ला बघायचाय. तुझ्या वालाच्या शेंगा नाही बघायच्या."

"किल्ला काय पळून चाललाय?"

"किल्ला नाही, ती चाललीय. मंगळवारी. कायमची."

मावशीला वाटलं होतं, मुलगी आहे अजून वर्ष-दोन वर्षं, किल्ला आज नाही तर पुढच्या महिन्यात. पण आता कळून उपयोग नव्हता. निघालो असतो तरी शेवटच्या होडीला पोचलो नसतो. राहिली उद्याची सकाळ, आणि उद्याच परतीची बोट गाठायची होती. त्यात काका सुरूंच्या शेंड्यांकडे बघत म्हणाले, की वारा उठतोय, उद्या होड्या सुटतील तर सुटतील. मी काकांशीही बोलणं बंद केलं.

पोपटी मात्र झाली. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मधे मसाला चोळलेली कोंबडी, अंडी, बटाटे, वरून पुन्हा पाला दाबून मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-गोवऱ्या रचून पेटवून द्यायचं. आत पाण्याचा थेंब नाही. शिजलंय की नाही हे बघायला मावशीने तापल्या मडक्यावर पाण्याचा शिपका मारला, चर्रर् आवाज झाला आणि तिने मान हलवली. मैत्रिणीने दहा प्रश्न विचारले. मी रुसलेली असल्यामुळे एका वाक्यात भाषांतर करत होते.

केळीच्या पानावर वाफाळणारा ढीग ओतला, तशी तिने कोंबडीचा एक चांगला तुकडा काढला, शेंगेतले दाणे त्याला लावले आणि सरळ मावशीच्या तोंडाशी नेला. त्यांच्याकडे ज्याचा मान ठेवायचा त्याला आपल्या हाताने घास भरवतात. मी घाईघाईने हे समजावेपर्यंत मावशीने तोंड उघडलंही होतं. नंतर तिने पदराने तोंड पुसलं आणि काकांकडे बघत म्हणाली, "लग्नात भरवला तेवढाच. तेवापासनं आज."

काकांनी विषय बदलला. ते मला म्हणाले, "विचार तिला. तिच्या लोकांनी आमच्या लोकांना त्या किल्ल्याचं दार काय उघडलं न्हाय. आता तिच्या संगती हायस म्हनून तुला तरी आत घेतील का?"

मी भाषांतर केलं. ती हसून म्हणाली, वडिलांना विचारावं लागेल. आणि मग आगीशी बसून तिने त्यांची गोष्ट सांगितली, खडूचा किल्ला, पोरांचा प्रश्न, गुडघे, सगळं. माझा रुसवा कुठे गेला कळलं नाही, मी प्रत्येक वाक्य नीट मराठीत करून सांगत होते. मावशी शेंगा सोलायची थांबली होती.

"मीपण येते उद्या," ती म्हणाली.

"तू कशाला? तू तर राजपुरीचीच."

मावशीचं आणि आईचं माहेर राजपुरी, म्हणजे जिथून होड्या सुटतात तेच गाव. अंगणातून किल्ला दिसतो. मावशी म्हणाली, "रोज दात घासताना बगितलाय. आत कदी गेले न्हाय. पोरींना कोन नेतंय? मग लगीन झालं. मग म्हटलं, हाय की तितंच, कुटं जातोय."

म्हणजे दिवसभर जिने आम्हाला अडवलं तिनेही तो आतून बघितलेला नव्हता. मला हसू आलं आणि तिच्याबद्दल माया पण वाटली.

सकाळी ती ठेवणीतली साडी नेसून, डबा घेऊन आमच्या आधी तयार. राजपुरीला पोचलो तर होड्या धक्क्याला बांधलेल्या. शिडं गुंडाळलेली, पाणी उसळत होतं. म्हातारा नाखवा दोरीवर बसून विडी ओढत होता. "हवा पडू द्या. जान प्यारी हाय ना?" एवढंच म्हणाला. समोर, हाकेच्या अंतरावर वाटावा असा, जंजिरा.

मावशीला काही घाई नव्हती. ती माहेरात आली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका तिला ओळखत होत्या, ती कोणाकोणाच्या सुनांची चौकशी करत होती. मी मनातल्या मनात परतीच्या बोटीची वेळ मागे मागे मोजत होते आणि प्रत्येक वेळी हिशेब तोकडा पडत होता. मैत्रीण धक्क्याच्या टोकाला बसली होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बाबांना सांगेन, लांबून बघितला. लांबूनही छान दिसतो." तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता आणि म्हणूनच मला ते ऐकवलं नाही. काल चौल नाक्यावर उतरलोच नसतो तर, हे मी बोलून दाखवलं नाही, पण मावशीला ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. तिने डबा उघडला आणि भाकरी-चटणी सगळ्यांना वाटायला लागली. आम्हाला, नाखव्याला, शेजारच्या गटातल्या पुण्याच्या लोकांनासुद्धा. इथेही जेवणच, असं मला वाटलं. तिला मात्र हातांना काहीतरी काम हवं होतं. भाकरी वाढताना ती एकदाही माझ्याकडे बघत नव्हती.

ऊन चढलं तसा वारा पडला. नाखव्याने उरलेली भाकरी तोंडात टाकली, उठून पाण्याकडे बघितलं आणि हाताने खूण केली. आम्ही तिघी पहिल्या होडीत होतो. बोट चुकली तर रात्रीच्या एसटीने मुंबई गाठायची, असं मी ठरवून टाकलं.

शीड भरलं. होडीतला गाइड हिंदी-मराठीची भेळ करून सांगत होता, की हा किल्ला कधी कोणाला जिंकता आला नाही, कधी म्हणजे कधीच नाही. मी इंग्रजीत सांगेन त्या दर वाक्याला मैत्रिणीची मान थोडी वर जायची आणि माझी खाली. किल्ल्याचं दार जवळ जाईपर्यंत दिसत नाही, नुसता काळा तट अंगावर येतो, आणि मग एकदम दोन बुरुजांच्या मधे ते दिसतं. होडी हेलकावत होती. नाखव्याने हात दिला, मैत्रिणीने पायरीवर उडी घेतली, मग वळून तिनेच मावशीला ओढून घेतलं.

आत वेळ थोडाच देतात. गटाबरोबर तोफा बघायच्या, गोड्या पाण्याचं तळं बघायचं, पडक्या इमारती बघायच्या. आम्ही गट सोडून सरळ तटावर चढलो, कारण मोबाइलला तिथेच रेंज येत होती. मावशी धापा टाकत पोचली आणि पहिल्यांदा किनाऱ्याकडे वळली. डोळ्यांवर हात धरून तिने माहेरचं घर शोधलं. सापडलं तेव्हा म्हणाली, "एवढंसं हाय गं." आणि बराच वेळ तिकडेच बघत राहिली.

इकडे फोन लागला होता. पडद्यावर मैत्रिणीचे वडील, रविवारचे, चर्चला जायचे पांढरे कपडे घालून, चष्मा लावून, अगदी ताठ बसलेले. तिने फोन फिरवला. तट, तोफ, तळं, पुन्हा तट. मग बाहेरचं पाणी. तिथे त्यांनी काहीतरी म्हटलं आणि ती थांबली, फोन पाण्याकडे धरून तशीच उभी राहिली. ते समुद्र बघत होते. मावशीने नाक ओढलं, माझंही काही वेगळं नव्हतं.

नंतर त्यांनी एक प्रश्न विचारला. तिने तो मला इंग्रजीत सांगितला आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. तिथली माणसं आमच्या माणसांची आठवण कशी काढतात?

मी सभ्य उत्तराची जुळवाजुळव करू लागले. शूर होते, दर्यावर्दी होते, असं काहीतरी. तेवढ्यात मावशी म्हणाली, "काय विचारतात?" सांगावंच लागलं.

मावशीने वाऱ्याने उडणारा पदर कमरेला खोचला आणि विचार केला. "खरं सांग त्यांना," ती म्हणाली. "आमी लय भ्यायचो. माजी आजी रातचं सांगायची, झोप गं, न्हायतर किल्ल्यातला सिद्दी येल. आमी डोळे गच्च मिटून घ्यायचो."

मी मैत्रिणीकडे बघितलं. ती म्हणाली, सगळं सांग. मी सांगितलं, तिने तिच्या भाषेत पुढे सांगितलं. पडद्यावर ते हलले नाहीत.

मावशीचं संपलं नव्हतं. तिने फोन स्वतःच्या हातात घेतला आणि त्यांच्याशी सरळ मराठीत बोलायला लागली. "आता म्हनावं, किल्ल्यातली सिद्दी आली एकदाची. काल राती आली. माज्याच गोधडीत, माज्या अंगावर पाय टाकून झोपली. तीच झोपली, मी जागी."

दोन भाषा ओलांडून ते तिकडे पोचायला वेळ लागला. मग त्यांचे खांदे हलायला लागले, चष्मा हातात आला, आणि ते हसता हसता डोळे पुसत आतल्या खोलीकडे तोंड करून कोणाला तरी मोठ्याने हाका मारू लागले.

"काय झालं? रागावले?" मावशीने घाबरून विचारलं.

"नाही," मैत्रीण म्हणाली. तिलाही नीट बोलता येत नव्हतं. "ते म्हणतात, पुन्हा एकदा सांगा. आईला ऐकायचंय."