पाय लागला

घड्याळांच्या कारखान्यातले दामोदर खांबेटे कामासाठी जपानला गेले होते, ते येताना कराटे शिकून आले. दर रविवारी सकाळी मल्लेश्वरमच्या आपल्या गच्चीवर ते शिकवू लागले. ओळखीच्यांना सहकुटुंब या, म्हणाले. बाकीचे हसले, चिकपेटेतले कापडवाले हणमंतराव मात्र खरोखरच बायकोला घेऊन गेले.

पन्नाशीच्या तुंगाबाईंनी नऊवारीचा काष्टा आवळला. लाथ त्यांची झकास उडायची. पण पाय समोरच्याला लागला रे लागला, की त्या चटकन वाकून त्याला हात लावायच्या आणि नमस्कार करायच्या. तेवढ्यात समोरच्याचा ठोसा पाठीत बसायचा.

"अहो अक्का, इथे पाय लावायलाच येतो आपण!" खांबेटे वैतागायचे.

"सरी, सरी, बरं," तुंगाबाई म्हणायच्या, आणि पुन्हा वाकायच्या. जन्माची खोड, ती का अशी जाते?

एका रविवारी त्यांच्यासमोर हणमंतरावच उभे राहिले. त्यांची लाथ तुंगाबाईंच्या दंडाला लागली. संसारात हणमंतरावांचा पाय बायकोला कितीदा लागला असेल. त्यांनी कधी वळून पाहिलं नव्हतं, आणि नवऱ्याने वाकायची रीत तरी कुठे होती? तुंगाबाई मूठ उगारून पुढच्या लाथेची वाट पाहत राहिल्या. लाथ आलीच नाही. हणमंतराव वाकले होते. त्यांनी तुंगाबाईंच्या दंडाला हात लावला आणि तो आपल्या छातीशी नेला.

"स्वल्प उशीरच झाला," ते पुटपुटले.

"मारा अक्का, वाकलेत ते!" खांबेटे ओरडले.

तुंगाबाईंची मूठ वर होती, ती वरच राहिली.