अर्ध्या यात्रेचं मावंदं

पुण्यात नोकरी करणारी माझी मुलगी फोनवर शिकवते, "बाबा, ग्राहक टिकवायला आता अ‍ॅप असतं." असेल बापा. मेहकरात इतकी वर्षं यात्रा कंपनी चालवली ती मी पंगतीत बसून. यात्रेहून परतलं की आमच्याकडे लोकांना जेवू घालतात, त्याला मावंदं म्हणतात. यजमान पोळी वाढता वाढता हिमालयाचं वर्णन करतो, मी मान खाली घालून जेवतो आणि हात धुवायची वेळ येईपर्यंत पुढच्या गाडीची चार नावं तयार असतात. मावंदं झालं नाही तर यात्रा झालीच नाही, असा इथला कायदा.

लॉकडाऊनने दोन हंगाम खाल्ले. त्यानंतर कुठे गाडी भरू लागली, तर यंदा केदारनाथच्या वाटेवर दरड कोसळली. चार दिवस अडकलो आणि नुसतं हरिद्वारचं गंगाजल घेऊन माघारी फिरलो. गाडीत माझे शाळेतले गुरुजी आणि त्यांची अख्खी गल्ली, अठरा माणसं. परतताना गुरुजी माझ्यावर फुगून बसले. मी त्यांना खिडकी दिली, पाठीला उशी दिली, प्रत्येक ढाब्यावर त्यांच्या चहात साखर कमी सांगितली. व्यर्थ. त्यांनी मावंदं टाळलं असतं तर गल्ली गेली असती, आणि तिच्या मागोमाग माझी कंपनी. मला खरंच भीती वाटत होती.

पंधरा दिवसांनी आमंत्रण आलं. मी इस्त्रीचा सदरा चढवून, सगळ्यांना दिसेल अशी मधली जागा पटकावली. गुरुजी स्वतः वाढत होते. शेजाऱ्याला अख्खी पुरणपोळी, मला अर्धी. वाटलं, म्हातारपणी दिसत नसेल.

"काऊन बे, पाहून काय राह्यला?" गुरुजी कडाडले. "तू मले केदार दाखोला काय? अर्धी यात्रा, अर्धी पोळी!"

पंगत खदखदून हसली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. असा राग आला की उठून चालतं व्हावं. पन्नाशी उलटल्यावर पुन्हा वर्गात अंगठे धरायला लावल्यासारखं झालं. पण भरल्या पानावरून उठू नये, आणि पोळीवर तूपही पडलं होतं. बसलो.

"अन् बाकीची अर्धी, गुरुजी?"

त्यांनी टोपल्यावर फडकं ओढलं. "ते पुढच्या साली. केदार दाखोशीन तवा. आम्ही अठराच्या अठरा येऊन राह्यलो. खिडकी मात्र माहीच."

"एकोणीस लेह्य, माहं बी नाव टाक," समोरच्या ओळीतली, कधी जिल्ह्याबाहेर न गेलेली एक म्हातारी म्हणाली.

माझे डोळे भरून आले. आमटी तिखट झालीय म्हणालो, आणि ती अर्धी पोळी पुरवून पुरवून खाल्ली.