आल्याच्या बाटल्या गढूळ झाल्या तेव्हा

मोहने गावच्या कामगारवस्तीत दारूबंदीची सभा ठरली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. नुसती पत्रकं वाटून कुणाची दारू सुटत नाही, हे माझं ठाम मत होतं. हातातला पेला काढून घ्यायचा तर त्या हातात दुसरं काही द्यायला हवं. म्हणून सभा घेणाऱ्या आमच्या मंडळानं आल्याची बिअर, म्हणजे नशा न आणणारं फेसाळ पेय, करायचं ठरवलं: आलं, साखर, लिंबू, चार मनुका. बाटलीत भरून बूच सुतळीनं बांधलं की दोन दिवसांत फेस धरतो. कृती शेजारच्या काकांची. त्यांची हयात रेल्वेच्या उपाहारगृहात गेली होती.

डोंबिवलीतल्या आमच्या दोन खोल्यांत मी चोवीस बाटल्या भरल्या. गुरुवारी पाहते तर सगळ्या गढूळ, हुबेहूब ताडी! सभा रविवारी. ही ताडी घेऊन गेलो असतो तर वस्तीनं हसून हाकललं असतं आणि माझं पहिलं भाषण तोंडातच राहिलं असतं.

काकांनी एक बाटली उजेडात धरली. "काय पुढारीणबाई, भट्टी लावलीत?"

"चेष्टा नको, काका. आलं नीट गाळलं गेलं नसेल."

"आल्याचा गाळ असेल तर खाली बसेल. उभी ठेव, हलवू नकोस."

शुक्रवारी सकाळी तळाशी थोडा गाळ होता, वरचं पाणी मात्र तसंच दुधाळ. बाटल्या तर मी स्वतः सोड्यानं धुतल्या होत्या.

"उकळलंस कशात?" काकांनी विचारलं.

"मोठ्या पातेल्यात."

बोलता बोलता मीच थांबले. त्याच पातेल्यात मी दर आठवड्याला भिंतीवर पत्रकं चिकटवायला मैद्याची खळ शिजवत असे. कडेला वाळलेली खळ खरवडण्यापेक्षा पुढचं पत्रक लिहिणं मला महत्त्वाचं वाटे. एका बाटलीतलं थोडं पेल्यात ओतून औषधाच्या पेटीतल्या आयोडीनचे मी त्यात दोन थेंब टाकले; पिठाला आयोडीन लागलं की निळं होतं. पाणी निळं झालं. मैदाच!

आई आतून म्हणाली, "अगं, जग सुधारायला निघालीस, आधी पातेलं घास."

घासलं. राखेनं, दोनदा. दुपारी नवं पेय भरलं. रविवारी बाटल्या लख्ख पिवळ्या निघाल्या, तळाशी बोटभर गाळ, तो ओतायचा नाही.

मंडळातले म्हणाले, जुन्या बाटल्यांचं कुठं बोलू नकोस. मी ऐकलं नाही. दुसऱ्यांना खरं बोला म्हणून छापायचं आणि आपण झाकायचं, हे मला जमणारं नव्हतं. एक गढूळ बाटली मी मुद्दाम सभेत टेबलावर ठेवली.

पुढच्या रांगेतला एकजण ओरडला, "ओ ताई, ताडी तुम्हीच घेऊन आलात की!"

"मैदा आहे. आमच्या पत्रकांची खळ. पातेलं मी घासलं नव्हतं."

सगळी वस्ती हसली. तो माणूस उठून पेला पुढे करत म्हणाला, "मग ती घासलेल्या पातेल्यातली द्या."

मी गाळ न हलवता ओतली, आणि मग भाषणाला उभी राहिले.