उरलेली वायर

आमच्या घरात काहीही वाया घालवत नाहीत. त्या रविवारी इंटरनेट बंद पडायला एवढंच कारण पुरलं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, टीव्हीवर दिसणार होते! शेतीच्या कार्यक्रमात, त्यांच्या डाळिंबाच्या बागेबद्दल, पाच वाजता, एकदाच. मंद्रूपहून आत्या निम्मी भावकी घेऊन सोलापुरात आमच्याकडे आली होती. मला शिकवायला अण्णांनी काय काय सोसलं, ते मला ठाऊक आहे. त्यांना पडद्यावर नीट दाखवणं हे माझं कर्तव्यच!

खाली एक, माडीवर एक, असे आमचे दोन्ही टीव्ही इंटरनेटवर चालतात. माडीवर वायफाय पोचेना, म्हणून मी मेश वायफायचे दोन डबे आणले. एक खाली राउटरजवळ, एक वर. (ते आपसात बोलतात म्हणे.)

सगळं जोडलं आणि एक वायर उरली. खालच्या डब्याला एक भोक रिकामं, राउटरलाही एक. कोरी करकरीत वायर टाकायची कशी? लावली!

राउटरचे दिवे वेड्यासारखे लुकलुकायला लागले. मला वाटलं, जोरात काम चाललंय! मग दोन्ही टीव्हींवर नुसतं गोल चक्र फिरायला लागलं.

"दत्ता, अण्णा कुटं हाय रं?" आत्या.

"येतायत, आत्या."

"मगापास्नं चाकच फिरतंय की! डाळिंबाचा कार्यक्रम हाय का रसवंतीचा?"

पाचला तीन मिनिटं. राउटर बंद केला, चालू केला. डबा हलवला. कंपनीला फोन लावला. "आमचा माणूस उद्या येईल, सर." अण्णा इस्त्रीचा सदरा घालून ताठ बसलेले, त्या चक्राकडेच बघत होते. त्याचीच मला जास्त भीती!

पाच वाजले.

"अहो," बायको राउटरपाशी वाकून म्हणाली, "ही वायर कुठून कुठं गेलीय?"

"राउटरमधून डब्यात."

"आणि ही दुसरी?"

"डब्यातून... राउटरमध्ये."

"म्हंजी मंद्रूपहून निघाली आन् मंद्रूपलाच आली की एस्टी!" आत्या कडाडली. "सोलापुरात उतरायचं कुणी?"

मी उरलेली वायर उपटली. दिवे शांत झाले. चक्र अडखळलं, थांबलं आणि पडद्यावर अण्णा! मागं लालभडक डाळिंबं. घरात एकच आरोळी!

मुलाखत घेणारी बाई विचारत होती, "ठिबकची एवढी जोडणी कुणी करून दिली?"

पडद्यावरचे अण्णा छाती काढून म्हणाले, "माज्या पोरानं! शिकलेलं हाय. त्येचा हात लागला की कसलंबी यंत्र चालतंच!"

जमलेली भावकी वळून माझ्याकडे बघायला लागली. मी हातातल्या वायरीसकट टीव्हीकडं एक पाऊल टाकलं, आवाज वाढवायला.

समोर बसलेले खरे अण्णा घाईघाईनं ओरडले, "दत्ता, हात लावू नगंस!"